विकत न मिळालेली पिशवी

साकेत नगरमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी विनायक पोतनीसचं दुकान आहे. तिथे काही विकत मिळत नाही. रुग्णाचा पलंग, चाकांची खुर्ची, वॉकर, हवेची गादी, ऑक्सिजनचं यंत्र, सगळं भाड्याने मिळतं. मोठं हॉस्पिटल जवळ असल्यामुळे गिऱ्हाईक दिवसभर असतं. पाटीवर नावाखाली हिंदीत एक ओळ रंगवलेली आहे : ‘न उधार, न छूट, न सिफ़ारिश’. नवखा माणूस ती वाचून बिचकतो. मग त्याला तिथेच कोणीतरी सांगतं, की मालक बोलायला कोरडा आहे, पण सामान चोख देतो आणि सांगितलेल्या वेळेला देतो.

मी विनायकच्या घराच्या भिंतीला भिंत लावून राहतो. माझे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि मीही जन्मभर सरकारी नोकरीच केली. त्यामुळे सकाळी दोघं फिरायला निघालो की आमची जुंपते. मी म्हणायचं, सगळंच बाजारावर सोडून कसं चालेल. त्याने म्हणायचं, भाऊ, तुम्ही पगाराच्या सावलीत बसून बाजाराचं ऊन मोजताय. हे भांडण आम्ही कधी मनाला लावून घेतलं नाही. पण तो जे बोलतो ते येतं कुठून, हे मला पुष्कळ उशिरा, त्याच्या आईकडून कळलं.

विनायकचे वडील वसंतराव बरखेड्याच्या मोठ्या कारखान्यात फोरमन होते. घराणं मूळचं ग्वाल्हेरचं. टाउनशिपमधलं क्वार्टर, तिथलीच शाळा, तिथलंच मैदान, असं विनायकचं लहानपण गेलं. तो नववीत असताना वडील हृदयविकाराने गेले. नियमाप्रमाणे क्वार्टर सोडावं लागलं. त्याच टाउनशिपमध्ये त्याचे काका राहत होते. विनायक आणि त्याची आई मालतीबाई त्यांच्या घरी, मागच्या खोलीत राहायला गेले.

काका वाईट नव्हते. त्यांनी दोघांना जेवूखाऊ घातलं, विनायकची फी भरली. फक्त ते विसरू देत नसत. घरी पाहुणे आले की ‘हा आपल्या वसंताचा, आता आपणच बघतो’ अशी ओळख करून देत. निकाल लागला की पेढे आधी काकांसमोर ठेवायचे, पाया पडायचं, आणि मग आईला द्यायचे. एकदा विनायकची शाळेच्या क्रिकेट संघात निवड झाली. बूट नव्हते. काकांनी ते आणून दिले आणि त्यानंतर घरात कोणी क्रिकेटचं नाव काढलं की बुटांचा विषय निघायचाच. पुढे पुढे विनायकने खेळायचं सोडलं. मालतीबाई मला एकदा म्हणाल्या, “अन्नाला कधी कमी नव्हतं हो. पण गिळताना कोणीतरी बघत असायचं.”

कॉलेजात असताना विनायकला जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. मुखपृष्ठ फाटलेलं, पानं सुटलेली. ते त्याने वर्षभरात तीनदा वाचलं. त्याचं सार तो मला नेहमी सांगतो. माणसाचं आयुष्य त्याचं स्वतःचं आहे. ते दुसऱ्याच्या पायाशी वाहणं हा सद्गुण नाही, आणि दुसऱ्याने ते आपल्या पायाशी वाहावं असं मनात धरणं ही तर लबाडी. दोन स्वाभिमानी माणसांमधलं सरळ नातं एकच, देवाणघेवाणीचं. मी ते पुस्तक वाचलं असतं तर त्यात मला अर्थशास्त्र दिसलं असतं. त्याला त्यात मागच्या खोलीतून बाहेर पडायचा दरवाजा दिसला.

तो काळही तसाच होता. देशात परवाने सैल होत होते, नवे धंदे निघत होते, आणि वीस वर्षांच्या मुलांना वाटत होतं की आता कोणाच्या ओळखीशिवाय काहीतरी करता येईल. विनायक शनिवारच्या हाटात भाजी घ्यायला जायचा तेव्हाही त्याला तेच दिसायचं. सीहोरहून मेथी घेऊन या म्हणून कोणी शेतकऱ्याला हुकूम सोडत नाही. तो त्याच्या फायद्यासाठी येतो, मी माझ्या. आणि दोघंही मान वर करून घरी जातो, कोणी कोणाच्या पाया पडत नाही. हे तो आजही इतक्या आनंदाने सांगतो, की ऐकणाऱ्यालाही क्षणभर मेथीच्या जुडीत काहीतरी थोर दिसायला लागतं.

पुढे त्याला हॉस्पिटलची यंत्रं विकणाऱ्या एका खाजगी कंपनीत नोकरी लागली. प्रतिभाशी लग्न झालं. ती उज्जैनची, शाळेत गणित शिकवते. जुई झाली. त्याने साकेत नगरात घर घेतलं आणि आईला मागच्या नाही, पुढच्या, उजेडाच्या खोलीत ठेवलं.

मग मालतीबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली. त्या वेळी चाकांची चांगली खुर्ची घेणं त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं, कारण घराचे हप्ते नुकते सुरू झाले होते. कोणीतरी एका धर्मादाय संस्थेचं नाव सांगितलं. खुर्ची फुकट मिळणार होती, पण नगरसेवकाची चिठ्ठी लागत होती. विनायकने नाक मुठीत धरून ती आणली. मग कळलं की खुर्ची घरी येत नाही, समारंभात मिळते. मालतीबाईंना मंडपात नेऊन बसवलं. खुर्चीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मागे चार पाहुणे उभे राहिले आणि फोटोवाल्याने मालतीबाईंना जरा हसायला सांगितलं. त्यांचं अर्धं तोंड वाकडं झालेलं. त्यांनी डाव्या हाताने पदर ओढून चेहरा झाकला. फोटो तसाच छापून आला. खुर्चीचं एक चाक घरी येईपर्यंत निखळलं होतं.

विनायक दुसऱ्या दिवशी ती खुर्ची परत देऊन आला. महिनाभरात त्याने नोकरीचा राजीनामा दिला, जमलेले पैसे आणि प्रतिभाचं थोडं सोनं घालून काही पलंग आणि खुर्च्या घेतल्या आणि हे दुकान उघडलं. त्याचं म्हणणं साधं होतं. माणसाला खुर्ची दोन महिन्यांसाठी हवी असते, विकत कशाला घ्यावी? भाडं परवडेल इतकं ठेवलं की तो घेऊन जाईल, काम झालं की परत करेल, आणि कोणालाही पदर ओढून घ्यावा लागणार नाही.

धंदा चालला. चालणारच होता, कारण गरज खरी होती. सामान धुऊन, चाकांना तेल घालून बाहेर जायचं. मोडकं दिलं तर गिऱ्हाईक परत येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुकान सांभाळायला त्याने कांचनला ठेवलं. ती आधी एका नर्सिंग होममध्ये आया होती. पहिल्या दिवशी ती पाया पडायला वाकली तर हा दोन पावलं मागे सरला. म्हणाला, तू काम चांगलं करतेस असं ऐकलं म्हणून बोलावलंय, यात उपकार कसला. तिने न मागताच तो दरवर्षी तिचा पगार वाढवायचा, आणि कारण विचारलं तर सांगायचा, की दुसऱ्या कोणी तिला पळवून नेलं तर नुकसान माझं आहे. दिवाळीला मिठाईच्या डब्याऐवजी नफ्यातला हिस्सा. माझ्या उभ्या नोकरीत मला इतका स्वार्थी आणि इतका न्यायी साहेब भेटला नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे.

महामारीच्या दुसऱ्या वर्षी मात्र त्याच्या तत्त्वांची परीक्षा झाली. ऑक्सिजनच्या यंत्रांसाठी दुकानापुढे माणसं उभी असायची. वाटेल ते भाडं द्यायला लोक तयार होते. त्याने भाडं वाढवलं नाही. हे गिऱ्हाईक मला पुढची वीस वर्षं लागणार आहे, असं कारण त्याने दिलं. पण भाडं तेच ठेवल्यावर नवा प्रश्न उभा राहिला. यंत्र एक आणि हात दहा, तर द्यायचं कोणाला? भाव वाढवला तर पैसेवाल्याला जाणार. ओळख मानली तर पुढाऱ्याच्या माणसाला. आधी येईल त्याला म्हटलं तर ज्याच्या घरी धावायला तरणा माणूस नाही तो राहून जाणार. शेवटी त्याने ओळखीच्या एका डॉक्टरला सांगितलं, की ज्याची गरज सगळ्यात मोठी त्याचं नाव तुम्ही सांगा, यंत्र मी पोचवतो. त्या वर्षाबद्दल तो फारसा बोलत नाही. एकदाच फिरताना म्हणाला, “भाऊ, त्या पुस्तकात या पानाची जागा कोरी आहे.”

पण त्याचं सगळं गणित खरं हललं ते दोन वर्षांनी, प्रतिभाच्या आजारपणात.

तिला गर्भाशयात गाठी झाल्या होत्या. रक्त जात होतं, थकवा येत होता, तरी परीक्षा संपू देत म्हणून ती शाळेत जात राहिली. एके दिवशी फळ्यापुढे चक्कर येऊन पडली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करायला हवं, पण अंगात रक्तच नाही. आधी दोन पिशव्या हाताशी हव्यात. विनायकला यात काही अवघड वाटलं नाही. प्रतिभाचा गट ओ पॉझिटिव्ह, शाळेच्या ओळखपत्रावरही तसंच छापलेलं. असं रक्त कुठेही मिळतं.

रक्तपेढीत तिच्या रक्ताशी ओ गटाची एक पिशवी जुळवून पाहिली, जुळली नाही. दुसरी जुळली नाही. तिसरीही नाही. मग पेढीच्या प्रमुख डॉक्टर वंदना यांनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या आणि विनायकला आत बोलावलं. प्रतिभाचा गट ओ नव्हताच. साध्या तपासणीत ओसारखा दिसणारा, पण दहा हजारांत एखाद्याचा असणारा, ज्याला बॉम्बे गट म्हणतात तो होता. तिला फक्त त्याच गटाचं रक्त चालणार होतं. उज्जैनहून तिचा भाऊ नितीन धावत आला. भावंडांत जुळायची शक्यता असते. त्याचंही जुळलं नाही.

विनायकने वंदना डॉक्टरांना विचारलं, काय किंमत पडेल? त्यांनी सांगितलं, रक्ताला किंमत नसते. तपासणीचा आणि साठवणीचा खर्च तेवढा घेतात. रक्त विकणं कायद्याने बंद आहे. विनायक म्हणाला, मी तुम्हाला दोष देत नाही, पण मग असा माणूस सापडला तरी तो येईल कशासाठी? डॉक्टरांनी टेबलावरची वही उघडली. एका बाईंचा नंबर दिला.

त्या सरोजताई इंदूरच्या. त्यांच्या मुलाला कधीकाळी हेच रक्त लागलं होतं, तेव्हापासून या गटाच्या माणसांची ओळख ठेवणं हे त्यांनी आपलं काम मानलं होतं. त्यांनी विनायकची चौकशी केली नाही, ओळख विचारली नाही. वय, वजन, किती पिशव्या, कोणतं हॉस्पिटल, एवढंच विचारलं. संध्याकाळपर्यंत त्यांचा फोन आला. बैतूलहून एक जण सकाळच्या गाडीने निघतोय. दुसरी पिशवी नागपूरहून बर्फाच्या पेटीत येईल, तिथल्या एक मुख्याध्यापिका आजच देऊन आल्या.

बैतूलहून आलेला आदित्य वानखेडे बँकेत नोकरीला होता. पस्तिशीचा, पाठीवर सॅक, तोंडात विदर्भाच्या वळणाचं मराठी. त्याने रक्त दिलं, दहा-पंधरा मिनिटं पडून राहिला आणि उठून विचारलं, इथे चांगले पोहे कुठे मिळतात. विनायक त्याला घरी घेऊन आला. मीच त्या दिवशी पोहे आणि जिलबी आणून दिली होती, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

खाणं झाल्यावर विनायकने खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आदित्यने ते पाहिलं आणि उचललं नाही.

विनायक म्हणाला, “रक्ताचे नाहीत. तुमचा एक दिवस गेला, रजा गेली, तिकीट काढलंत. त्याचे आहेत. मला कोणाचं फुकट घेता येत नाही.”

“राहू द्या काका,” आदित्य म्हणाला. “पैसे घेतले तर पुढच्या वेळी फोन आला की मी हिशेब करत बसेन. जाऊ का नको, परवडतं का नाही. आता करत नाही. फोन आला की निघतो.”

“पण का निघता?”

“माझाही गट तोच ना. उद्या मी पडलो तर कोणीतरी निघायला पाहिजे.”

विनायकच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा सुटल्यासारखं दिसलं. हे त्याच्या ओळखीचं होतं. “म्हणजे तुमचाच फायदा बघून आलात.”

आदित्य हसला. “असेल तसंही. पण काकू मला परत देतील म्हणून नाही आलो. त्यांना तर देताच येणार नाही, अंगात रक्त कुठे आहे. मला देईल ते कोणी तिसरंच असेल, मी त्याला ओळखतही नसेन.” मग त्याने घड्याळ पाहिलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाला. पाकीट टेबलावरच राहिलं.

ऑपरेशन नीट झालं. प्रतिभा महिन्याभरात हिंडूफिरू लागली, शाळा उघडली तेव्हा रुजू झाली. घरात सगळं ठीक होतं आणि विनायक मात्र बेचैन. मला वाटलं, आजारपणाचा ताण उतरतोय. पण तसं नव्हतं. तो वाट बघत होता. लहानपणापासून त्याला एकच गोष्ट शिकायला मिळाली होती, की घेतलेल्या मदतीची आठवण करून दिली जाते. आता बैतूलहून फोन येईल, भावाला नोकरी लावा म्हणेल, उसने मागेल, निदान कोणापाशी तरी बोलेल की त्यांच्या घरच्या बाईला मी वाचवलं. फोन आला नाही. एक मात्र आला, प्रतिभाची तब्येत विचारायला, आणि दोन मिनिटांत संपला. सरोजताईंनी तर त्याचं नावही लक्षात ठेवलं नव्हतं. त्याने त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी विचारलं, कोण पोतनीस?

हे त्याने मला सांगितलं तेव्हा आम्ही कोपऱ्यावरच्या बाकावर बसलो होतो.  मग म्हणाला, “भाऊ, मी इतकं मोठं काही घेतलं आणि कोणी माझ्याकडे बघत नाहीये.”   गिळताना कोणीतरी बघत असायचं, हे त्याच्या आईचं वाक्य मला आठवलं, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

असा माणूस स्वस्थ बसणारा नाही. आमच्या हॉस्पिटलमध्ये सागर, विदिशा, रायसेनकडून खेड्यांतले रुग्ण येतात. रक्त हवं असतं आणि सोबत एखादा म्हातारा नातलग. पेढी शक्य तेवढं देते, पण तिच्याकडेही कोणीतरी देणारं लागतं. विनायकने ठरवलं, की भोपाळमध्ये अशा देणाऱ्यांची फळी उभी करायची. पहिले पंचवीस-तीस जण मिळाले ते बरखेड्याचे, कारखान्यात काम करणारे आणि काही निवृत्तीला आलेले. त्याच्या वडिलांचं नाव अजून तिथे काही जणांना माहीत होतं.

आणि मग त्याने त्याच्या स्वभावाप्रमाणे एक सुधारणा केली. त्याचा विचार असा, की तीस माणसं चांगुलपणाने येतात, तर थोडा मोबदला दिला की तीनशे येतील. रक्ताचे पैसे द्यायचे नाहीत, पण येण्याजाण्याचा भत्ता म्हणून सगळ्यांना एक ठरावीक रक्कम, स्वतःच्या खिशातून. मी त्याला म्हटलं, विचारून घे कोणाला तरी. तो म्हणाला, भाड्याचं दुकान काढताना तरी कोणाला विचारलं होतं.

सुरुवातीला खरंच माणसं वाढली. कांचनचा फोन सारखा वाजू लागला. मग हळूहळू बरखेड्याची ओळखीची माणसं यायची थांबली. विनायकला कळेना. तो त्यांच्यातल्या शिंदे नावाच्या एका जुन्या वेल्डरकडे गेला. शिंद्यांनी चहा दिला, इकडचं तिकडचं बोलले. फारच विचारल्यावर म्हणाले, “मी वीस वर्षं रक्त देतोय, घरी कधी सांगितलंही नाही. परवा सुनेने विचारलं, किती मिळाले? त्यानंतर जावंसं वाटलं नाही बघा.”

त्याच आठवड्यात पेढीत एक माणूस रक्त देताना कोसळला. शुद्धीवर आल्यावर कळलं, त्याने महिन्याभरापूर्वीच दुसरीकडे दिलं होतं आणि उन्हाळ्यात झालेली कावीळही लपवली होती. त्याला भत्त्याची गरज होती. माणूस वाचला, त्याचं रक्त बाजूला काढून टाकलं. वंदना डॉक्टरांनी विनायकला बोलावून समोर बसवलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “येण्याजाण्याचे पैसे म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, ज्याला गरज आहे तो खोटं बोलणारच. आणि इथे त्याच्या खोटं बोलण्याची किंमत दुसराच कोणीतरी भरतो, पलंगावर पडलेला. कायद्यात हे उगाच बंद केलेलं नाही.”

विनायकने त्याच दिवशी भत्ता बंद केला. तो कोसळलेला माणूस हमाली करत होता. विनायक त्याच्या घरी गेला, त्याला औषधं मिळतील असं पाहिलं आणि बरा झाल्यावर दुकानात सामान पोचवण्याच्या कामावर ठेवलं, रीतसर पगारावर. यात उपकार नाही, मला माणूस हवाच होता, असं त्याने मला दोनदा बजावून सांगितलं. तो माणूस अजून तिथे आहे आणि पलंग जिन्यावरून चढवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही.

मग विनायकने देणाऱ्यांचं काम नव्याने लावलं. बाजाराकडून तो जे शिकला होता ते त्याने टाकलं नाही, फक्त त्यातून पैसे वगळले. देणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही. गाडी सांगितलेल्या वेळेला दारात. ज्याने नुकतंच दिलंय त्याला चुकूनही पुन्हा फोन जायचा नाही. आणि रक्त वापरलं गेलं की देणाऱ्याला एका ओळीचा संदेश, ‘आपका रक्त आज काम आया’. कोणाला, ते नाही. फोटो नाही, हार नाही, प्रमाणपत्र नाही. एका पुढाऱ्याच्या माणसाने मोठं शिबिर भरवायची तयारी दाखवली होती, मंडप आणि फलकासकट. विनायकने हात जोडून नको म्हटलं. शिंदे परत आले. त्यांच्या मागोमाग बाकीचेही आले. तीनशे झाले नाहीत, पण जे झाले ते टिकले.

बावन्नाव्या वर्षी विनायकने स्वतः पहिल्यांदा रक्त दिलं. त्याचा गट साधा, बी पॉझिटिव्ह. जुई त्या वेळी सुट्टीत घरी आली होती, तिनेही सोबत दिलं. ती सांगते, बाबा सुईकडे न बघता छताकडे बघत होते आणि सगळं झाल्यावर नर्सला विचारत होते, हे कोणाला जाईल. नर्स म्हणाली, ते आम्हालाही माहीत नसतं. घरी येईपर्यंत तो गाणं गुणगुणत होता. हे प्रतिभाने मला मुद्दाम सांगितलं, कारण तिच्या आठवणीत तो कधीच गुणगुणला नव्हता.

दुकानाचं मात्र काही बदललेलं नाही. सगळ्यांना वाटलं होतं की विनायकराव आता मवाळ होतील. मीही एकदा म्हटलं, की आता दोन-चार खुर्च्या फुकट दे की. तो लगेच उसळला. म्हणाला, फुकट दिल्यावर त्याचं चाक कोण बदलणार? भाडं देणारा माणूस हक्काने भांडायला येतो, म्हणून माझी चाकं फिरतात. खुर्ची ही भाड्यानेच द्यायची वस्तू आहे. रक्त नाही. दोन्हींना एकच नियम लावायला गेलो तिथे मी चुकलो, आणि भाऊ, तुमचं सरकारही तिथेच चुकतं, फक्त उलट्या बाजूने. म्हणजे आमचं भांडण सुखरूप आहे.

मागच्या थंडीत त्याने बरखेड्यात दुसरं दुकान काढायचं ठरवलं. तिकडे निवृत्त माणसं पुष्कळ, गरज मोठी. ते कांचनने चालवावं, पगारावर नाही, भागीदार म्हणून, असं त्याच्या मनात होतं. त्याने एक हिस्सा सांगितला. कांचन एक दिवस विचार करून आली आणि तिने त्याहून बराच मोठा मागितला. जुनी गिऱ्हाइकं मला ओळखतात, तुम्हाला नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. विनायकने तासभर घासाघीस केली आणि शेवटी तो हरला. संध्याकाळी तो मला सांगायला आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून आनंद ओसंडत होता. “पाया पडायला वाकलेली बाई, भाऊ. आज माझ्यासमोर बसून मला पिळून गेली.”

मार्चमध्ये ते दुकान उघडलं. मी, प्रतिभा, शिंदे, सगळे गेलो होतो. गल्ल्यावर कांचन बसली होती, पाटीवर पहिलं नाव तिचंच. तिने पाटीवर कोणतीही ओळ रंगवून घेतली नव्हती. विनायकने विचारलं, तर म्हणाली, माझे नियम मी बनवीन, आधी महिनाभर बघू तरी द्या. पेढे वाटून होतात न होतात तोच विनायकचा फोन वाजला. पेढीत ओ निगेटिव्ह हवं होतं आणि देणारा टाउनशिपच्या फाटकापाशी तयार उभा होता. विनायक हातातला पेढा तसाच तोंडात टाकून गाडीकडे निघाला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक त्याला आडवं आलं आणि पलंगाचं भाडं काही कमी होईल का म्हणून विचारू लागलं. त्याने आत बोट दाखवलं, मॅडमशी बोला म्हणाला, आणि गाडी सुरू केली.